मक्याच्या शेतातली दफनभूमी आणि एक मल्टी-कॅश

जुलैच्या शेवटच्या शनिवारी मी, बायको आणि मुलगी असे आम्ही तिघं इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनहून सकाळी सातलाच जिओकॅशिंगला निघालो. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेला डबा (त्यालाच कॅश म्हणतात) जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ. आय-55 महामार्गाने उत्तरेला चेनोआ, पुढे खडीचे रस्ते. जीपीएसवरचं अंतर कमी होत होतं, पण दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला मका, बाकी काही दिसेना. मग शेतामध्ये सीडरच्या झाडांचा काळपट पुंजका दिसला. या भागात जुनी दफनभूमी अशीच ओळखायची. नाव मुद्दाम देत नाही, पुढच्यांसाठी कोडं शिल्लक राहू दे.

मल्टी-कॅश म्हणजे डबा थेट सापडत नाही. इथे चार थडग्यांवरची सालं वाचून त्यांच्या आकड्यांतून डब्याचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) काढायचे होते. मुलीने एका दगडावर 1851 वाचलं, आणि आकडेमोड आम्हाला थेट मक्याच्या मधोमध घेऊन गेली. मिनिटांच्या दशांशातला पहिला अंक सहाने चुकला तर जागा किलोमीटरभर सरकते. परत आलो. झिजलेला संगमरवर भर उन्हात कोरा दिसतो. बायकोने पर्समधला आरसा काढून कडेने उजेडाची तिरीप टाकली, तेव्हा शेवटच्या 1 या अंकाची मान वळली आणि 1857 झालं. त्याखालची ओळही दिसली: वय 4 वर्षं, 2 महिने, 9 दिवस. वर झोपलेलं कोकरू कोरलेलं, लहान मुलांच्या दगडावर असायचं तसं. शेजारी त्याच आडनावाचे आणखी दोन छोटे दगड. आईबापांनी दिवससुद्धा मोजून कोरून घेतले होते. मुलगी बराच वेळ तिथून हलली नाही, आम्हीही घाई केली नाही.

जाणाऱ्यांनी मोठा आरसा नक्की न्यावा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, शेव्हिंग क्रीम असलं काहीही दगडाला फासू नका. कागद ठेवून पेन्सिलही घासू नका, ठिसूळ दगडाचे पापुद्रे सुटतात. दगडाला टेकू नका. निळसर करड्या रंगाचं, अक्षरं अगदी ताजी असलेलं स्मारक दिसलं तर बोटाने हळूच वाजवून बघा: ते पोकळ जस्ताचं असतं.

डबा थडग्यांपाशी शोधूच नका. आमचा कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबामागे होता. डब्यातल्या लॉगबुकात (नोंदवहीत) नाव लिहून होता तसा परत ठेवला. फाटक जसं असेल तसंच ठेवा, गाडी शेतकऱ्याच्या वाटेत लावू नका, अंधार पडायच्या आत निघा. कुणाचे नातेवाईक आले असतील तर शोध थांबवा, कॅश कुठे पळून जात नाही.

परतताना वेस्टन गावची दफनभूमी पाहिलीच पाहिजे. तिथे आम्ही डबा शोधायला गेलो नव्हतो, गवत बघायला गेलो होतो. 1837 साली जॉन डिअरने याच राज्यात पोलादी नांगर बनवला आणि दोन कोटी एकरांवरची प्रेअरी, म्हणजे उंच गवताचं माळरान, बघता बघता शेताखाली गेली. थडग्यांच्या जागेवर नांगर घालायला कुणी धजावलं नाही, म्हणून वेस्टनचे पाच एकर वाचले. पिवळ्या फुलांच्या कंपास प्लांटची पानं उत्तर-दक्षिण धरून उभी राहतात. मुलीने फोनमधलं होकायंत्र पानाशेजारी धरलं, फार थोडा फरक निघाला.

फुलपँट घाला, ती मोज्यांत खोचा. तीन पानांच्या, अंगाला खाज आणणाऱ्या पॉयझन आयव्हीला हात लावू नका. गाडीत बसायच्या आधी गुडघ्यांमागे गोचीड तपासा. माझ्या मोज्यावर एक चढली होतीच.