रॉस वरून की बाजूला?

आम्ही नाशिककर. मिसळीच्या फरसाणाचा पार लगदा झाला तरी "दादा, रस्सा!" म्हणून वाटी पुढे करणारी जमात. माझा नवरा तर त्यातला कट्टर. आणि हाच माणूस पणजीत रॉस आमलेटच्या, म्हणजे रस्सा ओतलेल्या आमलेटच्या, गाड्यासमोर उभा राहून म्हणतो, "आमलेटवर रस्सा? चांगल्या आमलेटचा चिखल कशाला करायचा?" समुद्र, जुन्या गोव्यातली चर्चेस, मंगेशीचं देऊळ, आंबोलीत धुक्यात अडकलेली गाडी, सगळं रीतसर झालं. फोटो सगळ्यांकडेच असतात. मला लिहायचंय ते या चिखलाबद्दल.

रॉस आमलेटचे गाडे दिवेलागणीनंतर लागतात. आम्हाला सापडला तो एका बंद दुकानाच्या पायरीशी. एका शेगडीवर तवा, दुसरीवर अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं. गाडेवाले काका स्टीलच्या पेल्यात अंडी फोडणार, त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, मीठ घालून चमच्याने खडखड फेटणार, आणि तव्यावर चुर्र आवाज यायच्या आत दुसऱ्या हाताने पातेल्यात डाव. आमलेट ताटलीत पडलं की त्यावर कोंबडीच्या शाकुतीचा रॉस. भाजलेलं खोबरं, खसखस, धणे, सुक्या मिरच्या, चक्रीफूल, वर जायफळाची जरा उग्र चाहूल. रंग तपकिरी, कडेला तांबडं तेल. मग कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि सोबत पाव. नशीब असेल तर डावाबरोबर कोंबडीचा एखादा तुकडाही घरंगळत येतो. माझ्या ताटलीत मानेचं हाड आलं. मी ते शेवटपर्यंत चोखलं.

"कितें जाय?" काकांनी नवऱ्याला विचारलं.

"एक आमलेट, रस्सा वेगळा द्या."

काकांनी मान वर केली नाही. शेजारी हेल्मेट काखेत धरून खाणाऱ्या एका पणजीकराने मात्र केली. "दादा, सुकं आमलेट घरी खायचं. इथे कशाला आलात?" शुद्ध मराठी, त्यात गोव्याचा हेल. झालं, सुरू झालं.

नवऱ्याचं म्हणणं असं: फरसाण कोरडं असतं, ते भिजण्यासाठीच जन्माला आलेलं. आमलेट स्वतःच मऊ. त्यावर रस्सा ओतला की ना अंड्याची चव कळते, ना रश्श्याची. मी म्हटलं, नागपुरात पोह्यांवर तर्री ओततात ती? पोहे काय कोरडे असतात? "तेही मला पटत नाही," तो म्हणाला. (हे खोटं आहे. नागपुरात आत्याकडे गेलो तेव्हा आवडीने हाणले होते.) हेल्मेटवाल्याचा मुद्दा निराळाच. त्याचा राग रॉस वेगळा मागणाऱ्यांवर कमी आणि आमलेटवर चीज किसणाऱ्यांवर जास्त. "चीज घातलं की शाकुती मेलीच," म्हणाला. त्याच्या पलीकडे कॉलेजातली दोन पोरं उभी होती. ती चीजवालंच खात होती. आमच्याकडे बघून हसली आणि खात राहिली.

सासूबाईंचा सोमवार होता, त्यामुळे कोंबडी नाही, अंडंही नाही. काकांकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी, लोकांसाठी चण्याचा रॉस वेगळ्या पातेल्यात होता. तो आणि पाव खाऊन त्या म्हणाल्या, वाटण आपल्या काळ्या मसाल्याचं भावंडच दिसतंय. मग त्यांना त्यांच्या सासूबाईंची गोष्ट आठवली. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली म्हणे, म्हणून त्या जन्मभर पावाला शिवल्या नाहीत. खरं-खोटं देव जाणे. आज त्याच गोव्यात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजल्याशिवाय सकाळ होत नाही. पाव पोर्तुगीजांचा, मिरचीही त्यांनीच जहाजातून आणलेली, आमलेट साहेबाचं, खोबऱ्याचं वाटण इथलं. एवढं सगळं एका ताटलीत गुण्यागोविंदाने नांदतंय आणि आमचं घर मात्र वर की बाजूला यावर भांडतंय. पाव कशात बुडवायचा यावरही झालंच. मला पोय हवी होती, ती कोंड्याची, आतून पोकळ. रॉस तिच्या पोटात भरता येतो. त्या गाड्यावर होता तो साधा चौकोनी पाव. असो.

दुसऱ्या सकाळी पारडं फिरलं. गोव्यात नाश्त्याला पातळ भाजी मिळते, वाटाण्याची नाहीतर चवळीची, आणि तिच्याबरोबर पाव घ्या नाहीतर बन. बन म्हणजे गोड बन, चहात बुडवायचा तसा. नवऱ्याने तो तिखट भाजीत बुडवला, डोळे मिटले, आणखी एक मागवला. मी एक घास घेतला. गोड आणि मोहरीची फोडणी एकाच घासात मला नाही चालत, आणि चालवून घ्यायची इच्छाही नाही. "मग काल मला उपदेश कशाला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, रॉसमुळे आमलेट बिघडत नाही, बनमुळे भाजी बिघडते. माझ्या मते हा युक्तिवाद बिनतोड आहे.

शेवटच्या दिवशी पावसामुळे हॉटेलातच जेवलो. मेनूवर रॉस आमलेट दिसलं म्हणून हौसेने मागवलं. आलं ते असं: आमलेट रुमालासारखं घडी घातलेलं, पाव बटरमध्ये भाजलेला, आणि रॉस एवढ्याशा वाटीत, बाजूला. वर पुदिन्याचं पान. किंमत गाड्याच्या तिप्पट. मी वेटरला विचारलं, रॉस वरून का नाही? "मॅडम, गेस्टना असंच आवडतं."

गेस्ट माझ्यासमोरच बसला होता, मिशीत हसत.

मी वाटी उचलून आमलेटवर पालथी केली. अर्धंसुद्धा भिजलं नाही. गाड्यावरच्या काकांनी मागितला तेवढा रॉस न बोलता ओतला होता. इथे दुसऱ्या वाटीचे वेगळे साठ रुपये लावले, वर त्यावर जीएसटी.