टाकीवरची पट्टी

हिंगणघाटजवळ महामार्गाला लागून असलेल्या माझ्या गॅरेजात बहुतेक ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्या येतात. त्यामुळे वणीकडच्या एका तरुणाने मे महिन्यात आपल्या टर्बो पेट्रोल गाडीत पाणी-मिथेनॉलची फवारणी बसवून मागितली, तेव्हा मी हुरळून गेलो, हे कबूल करतो. पारा ४५ अंशांवर गेला की टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमधून, म्हणजे तिला गार करणाऱ्या जाळीतून, येऊनही तापलेलीच राहते, इंजिन ठोके देऊ लागते आणि ते वाचवण्यासाठी गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ताकद कमी करतो. त्या हवेत बारीक तुषार सोडले की ती थंड होते. उष्णता शोषण्यात किलोमागे पाणी मिथेनॉलच्या दुप्पट सरस असते, तर मिथेनॉल इंधन म्हणून जळतेही.

गिऱ्हाइकाला तुषार सोडणारे नोझल आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, एवढेच ठाऊक असते, टाकी म्हणजे त्याच्या लेखी नुसती बाटली. वास्तविक सगळे कौशल्य टाकीतच आहे. गाडीने वेग घेतला की द्रव मागे धावतो, म्हणून शोषनळीचे तोंड मागच्या कोपऱ्यात तळाशी घेतले. वळणावर पंपाने हवा ओढू नये म्हणून आत आडपडदे बसवले. मिथेनॉल ६५ अंशांच्या आतच उकळते आणि त्याची वाफ विषारी असते, त्यामुळे डिक्कीतल्या टाकीचा श्वास नळीने गाडीबाहेर काढला. आमच्या बोअरचे पाणी क्षारांचे, त्याने नोझल बुजते, म्हणून निम्मे मिथेनॉल आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण भरले. पातळी घटताच बूस्ट कमी करणारा फ्लोट स्विचही जोडला. १९६२ च्या ओल्ड्समोबाईल जेटफायरमध्ये कारखान्यातूनच अशी टाकी येत असे आणि मालक ती भरायचे विसरत. आपले मालक त्यांच्याहून शहाणे आहेत, असे मला वाटत नाही.

संध्याकाळी महामार्गावरची चाचणी उत्तम झाली. सवयीप्रमाणे मी टाकीवर द्रवाच्या पातळीशी काळ्या टेपची पट्टी चिकटवली आणि गाडी गॅरेजच्या उतरत्या फरशीवर, तोंड रस्त्याकडे करून, उभी ठेवली.

सकाळी पातळी पट्टीच्या दोन बोटे खाली होती. गाडीखाली मात्र फरशी कोरडी ठणठणीत. किल्ली खिशात घालून मी चारही स्पार्क प्लग काढले आणि मगच सेल मारला, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरमधून पिचकारी उडाली. द्रव दाबला जात नाही. प्लग जागेवर असते, तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

माझ्याकडे कामाला असलेले काका वर्षानुवर्षे कपाशीवर फवारणी करत आलेले आहेत. ते वाकून पाहत म्हणाले, "भाऊ, टाकी वर अन् नोझल खाली, मंग गयनच नं." नोझल मी थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, पुढे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी बसवले होते, त्यामुळे इंजिन नुसते चालू असतानाही तिथली निर्वात ओढ लागत होती आणि रात्री उताराने उरलेले काम केले. द्रव अडवायला एकेरी झडप होती, पण तिच्या बैठकीत नायलॉन नळीचा केसाएवढा कीस अडकला होता. ती नळी घाईत मी पकडीने तोडली होती, धारदार पात्याने सरळ कापली नव्हती. कीस फिल्टरच्या पुढच्या भागातला असल्याने फिल्टरने तो धरण्याचा प्रश्नच नव्हता.

मग नळी नव्याने कापली, झडप धुतली आणि नोझलच्या अलीकडे पंपाबरोबरच उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारी झडप, बसवला. तो पहिल्याच दिवशी बसवायला हवा होता. फवारणीच्या सामानासोबत आलेल्या चित्रात टाकी बॉनेटखाली दाखवलेली होती आणि मी डिक्कीचा विचारच केला नाही. तेल बदलून, सिलिंडर कोरडे करून आणि कॉम्प्रेशन तपासून होईपर्यंत दुपारचे दोन वाजले. तेवढ्यात तो तरुण आला आणि बूस्टचा काटा पाहून खूश झाला. मिश्रणाच्या कॅनवर मी लाल अक्षरांत 'विष' असे लिहून दिले, कारण वास दारूसारखा आणि रंग पाण्यासारखा, आणि घरात गडीमाणसे असतात.

व्हॉल्व्हचे पैसे मी लावले नाहीत. "हे काय जास्तीचं, दादा?" असे त्याने विचारले, तेव्हा "सुरक्षेसाठी" एवढेच सांगितले. काका बाजूलाच पाने धूत होते, ते काही बोलले नाहीत.