झोका टोकाला पोचतो तेव्हा

तीन वर्षांच्या पोरीला "जरा थांब, इकडे बघ" म्हटलं की फोटोचं वाटोळं झालंच म्हणून समजा. ती थांबते, मान वाकडी करते, सगळे दात दाखवते आणि "चीईईज" म्हणते. माझी भाची मनू हिचे घरातल्या सगळ्या मोबाईलमधले फोटो दोनच जातींचे होते: चीजवाले आणि पुसट. आमची आई साताऱ्याला असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला मोबाईलच्या काचेत डोळे घालायचा कंटाळा येतो. तिचा हट्ट होता की भिंतीवर लावण्याजोगा एक मोठा फोटो हवा, "पोरगी खेळताना असते ना, तसा." घरात कॅमेरा माझ्याकडे, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं.

कॅमेरा काही फार भारी नाही. कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि नंतर घेतलेली ५० मिलिमीटर एफ/१.८ (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद). हा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो. फोकसचे बिंदू नऊ, पण हलत्या गोष्टीसाठी भरवशाचा त्यातला मधला. महागड्या कॅमेऱ्यांसारखा डोळा शोधून त्याला चिकटून राहत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं या मर्यादेतूनच आलं.

पहिला अडथळा फोटोचा नव्हताच. जानेवारीत, साडेचारला बाग उघडली आणि आम्ही आत शिरलो, तर गेटवरच्या काकांनी अडवलं. "कॅमेरा अलाऊड नाही." शेजारून मोबाईल उगारून माणसं खुशाल आत चालली होती. "मोबाईल चालतो, कॅमेरा नाही," काका म्हणाले. त्यांच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता. लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणारी जोडपी, त्यांचे दिवे, छत्र्या, धुराच्या कांड्या यांनी त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. मी आतल्या खोलीत जाऊन साहेबांना भेटले, मनूला पुढे उभं केलं. धंद्याचं शूटिंग नाही, घरचं मूल आहे, एवढं कळल्यावर ते म्हणाले, "काढा, पण दुसऱ्यांच्या पोरांचे नको." ही अट मला अगदी रास्त वाटली. आत गेल्यावर एका आईने विचारलंच, "आमचा पिल्लू येतोय का त्यात?" आला होता, मागे, घसरगुंडीच्या शिडीवर. तिला पडद्यावर दाखवला आणि तिच्यासमोरच पुसला. त्यानंतर मी जागाच अशी निवडायला लागले की मनूच्या मागे झाडं किंवा कुंपण येईल. बागेत जाऊन कॅमेरा काढायचा असेल तर आजूबाजूच्या आईबापांशी आधी दोन शब्द बोलून घ्यावेत. लांबून लेन्स रोखून बसलेलं माणूस कुणालाच आवडत नाही.

आता झोका. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मला झोका दिसला की लंबक दिसतो. घरचे याला कंटाळलेत. तरी आकडे सांगते, कारण ते कामाचे आहेत. छोट्यांच्या झोक्याची साखळी साधारण दोन मीटर. एक पूर्ण हेलकावा पावणेतीन ते तीन सेकंदांचा, मग त्यावर मनू बसो की मी. उभ्या रेषेपासून तीस अंशांपर्यंत झोका गेला, तर अगदी खालच्या बिंदूला वेग सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात मूल जवळजवळ चार सेंटीमीटर सरकतं, म्हणजे बाजूने काढलेल्या फोटोत नाक गालापर्यंत पसरतं. १/१००० ला तेच सरकणं दोन-सव्वादोन मिलिमीटरवर येतं. संध्याकाळी कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो नेमका १/६० किंवा १/८० निवडतो, आणि "हात हलला वाटतं" असं म्हणून आपण स्वतःला दोष देत बसतो. हात हललेला नसतो, पोर हललेलं असतं.

पण नुसता शटरचा वेग वाढवून भागत नाही. बोट दाबायचं ठरवल्यापासून फोटो निघेपर्यंत माझ्यासारख्या माणसाला पाव सेकंदाच्या जवळपास लागतो. झोका खाली असताना तेवढ्या वेळात मनू अर्धा मीटर पुढे गेलेली असते. धडाधड फोटो काढायचा पर्यायही लंगडा, कारण सेकंदाला तीन म्हणजे दोन फोटोंमध्ये ती पाऊण मीटरच्या आसपास निसटते. हवा तो क्षण दोहोंच्या मधे पडतो. झोका टोकाला पोचला की मात्र चित्र पालटतं. तिथे वेग शून्य होतो, आणि वळून परत निघाल्यावरही पहिल्या पाव सेकंदात झोका जेमतेम वीतभर सरकतो. माझ्या बोटाचा उशीर तिथे खपून जातो. मग मी मनूचा पाठलाग सोडला आणि टोकावर कॅमेरा लावून तिची वाट बघायला लागले.

कुठलं टोक, हा पुढचा प्रश्न. समोर बसून काढायचं तर पुढचं टोक बघायला भारी वाटतं, कारण मूल आपल्या अंगावर आल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात तिथे फळी मागे कलते, चेहरा आभाळाकडे जातो आणि कॅमेरा खाली असेल तर चपलांचे तळवे चेहऱ्याच्या आड येतात. मनूच्या चपलांना शिट्टी आहे, तिचे तळवे मी भरपूर पाहिले. मागच्या टोकाला अंग पुढे झुकतं, चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे येतो, केस कपाळावर उडतात आणि आता खाली जायचं म्हणून तोंडावर जे काही येतं ते फक्त तिथेच. समोरून काढायचं तर मागचं टोक. पुढचं टोक बाजूला उभं राहून काढावं. बाजूने एक सोय आणखी: झोका आपल्यापासून जवळ-लांब होत नाही, एकाच पातळीत हलतो, त्यामुळे फोकस एकदा लावला की लावला.

समोरून फोकसचं गणित जरा निराळं. मी झोक्याच्या मागच्या टोकापासून साधारण चार मीटरवर बसायची, म्हणजे तिचे पाय पुढच्या टोकाला आले तरी मला लागत नसत. तेवढ्या अंतरावर ५० च्या लेन्सने एफ/२.८ ला साठ-सत्तर सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. भाऊ झोका मागे ओढून धरायचा, मी तिच्या डोळ्यांवर फोकस घेऊन लेन्सचं बटण मॅन्युअलवर सरकवायची, म्हणजे फोकस तिथेच राहायचा, आणि मग तो सोडायचा. झोका दरवेळी तेवढाच उंच गेला पाहिजे. माझा भाऊ तेवढ्यापुरता शिस्तीत वागायचा, मग मनू "अजून, बाबा, अजून!" करायची आणि तो विरघळायचा. "अरे, तेवढाच दे!" असं मी ओरडायची तेव्हा शेजारचे आजोबा मान हलवायचे.

एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेऊ नये. डोळा कॅमेऱ्याला लावला की बाजूच्या झोक्याचं भान राहत नाही, आणि भरलेला झोका डोक्याला लागला तर फोटोबिटो बाजूलाच राहतो. दुसरी मुलं तर न बघता मधून पळतात. वहिनी माझ्या खांद्याशी उभी राहायची, तिचं काम तेवढंच.

घसरगुंडीला मला फार कष्ट पडले नाहीत. खालच्या कडेवर फोकस लावून बसायचं. मूल तिथेच येणार, दुसरीकडे जाणार कुठे? पण दोन गमती सांगण्यासारख्या आहेत. प्लॅस्टिकची लाल-पिवळी घसरगुंडी उन्हात तिचा रंग चेहऱ्यावर टाकते. मनूचा एक गाल तिचा स्वतःचा आणि दुसरा टोमॅटोचा, असे फोटो आले. रंग दुरुस्त करायला गेलं की लाल गाल सुधारतो आणि चांगला गाल निळसर पडतो. त्यावर उपाय जागेचाच, म्हणजे घसरगुंडी सावलीत येईपर्यंत थांबायचं. दुसरी गंमत कोरड्या हवेची. जानेवारीत कपडा प्लॅस्टिकवर घासला की अंगावर स्थिर विद्युतभार साठतो, सगळ्या केसांवर एकच भार, म्हणून ते एकमेकांपासून पळतात. मनू खाली पोचायची ती डोक्याभोवती केसांचं चक्र घेऊन. उन्हाकडे पाठ असेल तर एकेक केस चमकतो. पावसाळ्यात हे होत नाही, दमट हवेत भार टिकत नाही.

मोकळं धावणं सगळ्यांत अवघड, कारण त्याला टोक नाही आणि मनूला दिशा नाही. तिथे मी एआय सर्वो, म्हणजे हलत्या गोष्टीवर फोकस सतत धरत राहणारी सोय, लावली, मधला बिंदू तिच्या छातीवर, शटर १/८००, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/४. उघडं १.८ वापरायचा मोह होतो, मागचं मऊ दिसतं म्हणून, पण धावत येणारं मूल दोन फोटोंच्या मधे अर्धा-पाऊण मीटर जवळ आलेलं असतं आणि तीन मीटरवर १.८ ला स्पष्ट पट्टा असतो जेमतेम वीतभर. भाऊ माझ्या मागे उभा राहून तिला हाक मारायचा, ती त्याच्याकडे सुटायची. वाटेत "आतू, तू पण पळ ना!" म्हणून माझ्यावरच येऊन आदळायची. धावण्याच्या फोटोत दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असले तरच ते धावणं वाटतं. एक पाय टेकलेला असला की भराभर चालल्यासारखं दिसतं. १८७८ साली छायाचित्रकार मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात बारा कॅमेरे ओळीने लावून दाखवलं, की दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय क्षणभर हवेत असतात. माझ्याकडे कॅमेरा एकच आणि घोडं फारच लहरी.

मोबाईलला मी नावं ठेवणार नाही. पाच वाजेपर्यंत, चांगल्या उन्हात, वहिनीच्या मोबाईलवर आलेले धावण्याचे काही फोटो माझ्याहून सरस होते. सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो आणि मग मोबाईलची पंचाईत होते. कमी उजेडात मोबाईल पटापट अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो; स्थिर बाकडं झकास येतं, पोरीला मात्र तिसरा हात फुटतो. कॅमेऱ्यालाही तेव्हा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ३२००, ६४०० पर्यंत चढवावा लागतो आणि चित्रावर दाणे येतात. मी सहा वाजले की आवरतं घ्यायची, नाहीतर गोल चक्राकडे जायची.

गोल चक्राला उजेड कमीच बरा. बाहेर उभं राहून फिरणाऱ्या मुलाचा फोटो काढू नका, स्वतः वर बसा. मनू माझ्यासमोर, भाऊ सावकाश फिरवतोय, १८ मिलिमीटरची लेन्स, शटर १/३०. आम्ही दोघी एकाच वेगाने फिरतोय, त्यामुळे माझ्या दृष्टीने ती स्थिर आणि सगळी बाग पळतेय. फोटोत तिचा चेहरा स्वच्छ येतो आणि मागची झाडं, दिवे, माणसं आडव्या रेघा होऊन जातात. कुणाचं तोंडही ओळखू येत नाही, म्हणजे साहेबांची अटही पाळली जाते. सापेक्ष वेग शिकवताना आता मी हा फोटो वर्गात दाखवते. चक्कर येते हे खरं. त्या दिवशी चहा प्यायला बसले ती बराच वेळ उठले नाही.

आईसाठी निवडला तो झोक्यावरचा, मागच्या टोकाचा. १/६४०, एफ/२.८, आयएसओ ८००. टोकाला झोका थांबतो पण पाय आणि केस थांबत नाहीत, म्हणून शटर तिथेही पाचशेच्या खाली नेला नव्हता. कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन या मापाचा, म्हणजे बारा बाय अठरा इंचांच्या कागदावर काहीही न कापता बसतो. मोबाईलचा चारास तीन असतो, त्याचं डोकं नाहीतर पाय उडतात. कागद मॅट घेतला, कारण आईच्या खोलीत ट्यूबलाइट समोरच आहे आणि चकचकीत कागदावर तिला ट्यूबच दिसली असती. लॅबमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, चेहरा थोडा गोरा करून देऊ?" मी म्हटलं, काहीही करू नकोस, आहे तसाच काढ. त्याने तरी एकदा नमुना म्हणून करून दाखवलाच. त्यात मनू कुणा दुसऱ्याची पोर वाटत होती, आणि घसरगुंडीवरची धूळ लागलेला गाल पार पुसून गेला होता. तो नमुना राहू दिला आणि साधा फोटो छापून घेतला.

फ्रेम भाऊच साताऱ्याला घेऊन गेला. रात्री आईचा फोन आला, फोटो हॉलमध्ये कॅलेंडर काढून तिथे लावला म्हणाली. मग म्हणाली, "थंडीत पोरीला स्वेटर का नाही घातला गं?"