न्यू जर्सीत ए.ए.ची मीटिंग शोधताना

नात्यातून, ओळखीतून मला हल्ली एक फोन हमखास येतो. "अगं, आमच्या पोराचं तिकडे पिणं फार वाढलंय म्हणे. एकटा राहतो, कुणाला सांगायची सोय नाही." सोय आहे, आणि ती त्याच्या घरापासून बहुधा गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. माझा धाकटा भाऊ याच वाटेने गेला. त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना. तिचं 'मीटिंग गाइड' नावाचं मोफत अ‍ॅप आहे. झिपकोड (तिकडचा पिनकोड) टाकला की जवळपासच्या मीटिंगा वेळेसकट दिसतात: सकाळच्या, जेवणाच्या सुट्टीतल्या, रात्रीच्या. काही 'ओपन' असतात, तिथे घरच्यांनाही जाता येतं. 'क्लोज्ड' मात्र ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठीच. फी नाही, फॉर्म नाही, सभासदांची यादीही नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

तरी भाऊ कित्येक दिवस नुसतंच अ‍ॅप उघडून बंद करायचा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूला वाण्याच्या दुकानात, गणपतीत, मुलांच्या मराठी शाळेत सगळीकडे तेच चेहरे. "ताई, तिथे आपलं कुणी भेटलं तर?" भेटलं, तर तेही त्याच कारणाने आलेलं असणार, हे त्याला पटायला वेळ लागला. दुसरी भीती व्हिसाची. आपणहून मीटिंगला गेल्याची नोंद कुठल्याही सरकारी कचेरीत जात नाही. पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं, तर मात्र व्हिसा खरोखर रद्द होऊ शकतो. इथल्या आपल्या मुलांना हे कुणी तरी स्पष्ट सांगायला हवं.

पहिल्या मीटिंगला मी सोबत गेले. चर्चच्या तळघरातला हॉल, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं. भिंतीवर खिडकीच्या पडद्यासारखी गुंडाळी सोडलेली, तिच्यावर ए.ए.च्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून सुटण्याचे बारा टप्पे, छापलेल्या. दारातच एका आजोबांनी हात मिळवला आणि नाव विचारलं, तेही पहिलंच. आडनाव, गाव, नोकरी कुणी विचारत नाही. आपल्याकडे ओळख आडनावापासून सुरू होते; त्या हॉलमध्ये तेवढ्यानेच भावाचे खांदे सैल झाले. एकेक जण नाव सांगतो, सगळे "हाय" म्हणतात, तो बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्येच कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. कोण काय बोललं ते तिथेच राहतं, म्हणून मीही लिहिणार नाही. देणगीची टोपली फिरली तेव्हा लोक डॉलर-दोन डॉलर टाकत होते. नव्यांनी काही टाकू नये, असं आधीच सांगितलं होतं. कोर्टाने पाठवलेली दोन मुलं हजेरीच्या कागदावर सही घेऊन गेली. निघताना चार-पाच पुरुषांनी वेळापत्रकाच्या पाठीमागे आपले फोन नंबर लिहून भावाच्या हातात दिले. "प्यावंसं वाटलं तर आधी फोन कर." त्याने खरंच केले.

आईचा पहिला प्रश्न होता, "चर्चमध्ये? धर्माचं काही नाही ना रे?" हॉल नुसता भाड्याचा असतो. देवाचा उल्लेख येतो, पण तो ज्याला जसा कळेल तसा. शेवटी काही ठिकाणी ख्रिस्ती प्रार्थना म्हणतात, नको वाटली तर गप्प उभं राहावं. तेही नको असेल त्यांच्यासाठी 'स्मार्ट रिकव्हरी'चे गट आहेत, तिथे देवाचा विषयच नाही.

या सगळ्याची सुरुवात मला फार जवळची वाटते. १९३५च्या मे महिन्यात, दारूतून नुकताच सुटलेला बिल विल्सन न्यूयॉर्कहून ओहायोतल्या अ‍ॅक्रनला कामासाठी गेला होता. काम फसलं. परक्या गावात, हॉटेलच्या लॉबीत तो उभा, आणि पलीकडे बार. बारकडे न वळता त्याने चर्चांना फोन लावायला सुरुवात केली, दारूने पोळलेला दुसरा कुणी बोलायला मिळेल का म्हणून. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटं देतो म्हणालेले डॉक्टर काही तास बसले. १० जून १९३५ हा त्यांचा दारू सोडल्याचा दिवस ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. परक्या गावात एकटं पडलेल्या माणसाने शोधलेली ही वाट आहे. आपल्या मुलांना ती लागू पडणार नाही, असं कसं म्हणायचं?

एक गोष्ट कळकळीने सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. भावाचे हात थरथरायचे, म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग.

घरच्यांसाठी १९५१पासून 'अल-अनॉन' आहे. मी इथल्या गटात जाते, आई पुण्यातल्या. तिथे त्याची दारू कशी सोडवायची हा विषय नसतो. त्याच्या पिण्यामुळे आपली झोप, जेवण, बोलणंचालणं कसं बिघडलं, यावर बायका मोकळेपणाने बोलतात. आई महिनोन्‌महिने शेजारणीपाशीही जे बोलली नव्हती, ते तिथे बोलली. महाराष्ट्रात ए.ए.च्या मीटिंगा मराठीतून चालतात, आणि पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६मध्ये सुरू झालेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच.

मुलगा परदेशात असेल, तर फोनवर शपथा घालू नका. त्याचा झिपकोड घ्या, ए.ए.च्या वेबसाइटवर त्याच्या कामाच्या वेळेनंतरच्या दोन-तीन मीटिंगा शोधा आणि पत्ते पाठवा. हे सांगलीत बसूनही करता येतं.