फूल ना फुलाची पाकळी

आहेर करताना माणूस जितका नम्र बोलतो, तितका आतून मिरवत असतो, असा माझा संशय आहे. जस्टिनियनचंच बघा ना. पुढे सम्राट झालेला हा गृहस्थ इ.स. ५२१ मध्ये पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, कॉन्सल झाला, म्हणजे वर्षभराच्या मानाच्या पदावर बसला. पद मिळालं की हस्तिदंताच्या कोरीव जोडपाट्या वाटायच्या, ही तिथली रीत. त्याच्या पाटीवर लॅटिनमध्ये लिहिलंय, की ही भेट किमतीला लहान पण मानाला मोठी. म्हणजे आपलं फूल ना फुलाची पाकळी! त्याच वर्षी याच नम्र माणसाने समारंभांवर २,८८,००० सोन्याची नाणी उधळली आणि २० सिंह, ३० बिबटे रिंगणात आणले.

त्याची पाटी तरी साधी, चार कोपऱ्यांत फुलं नि मधोमध मजकूर. बाकीचे कॉन्सल स्वतःच पाटीवर बसत. अंगावर भरजरी टोगा, म्हणजे रोमन झगा, एका हातात राजदंड, दुसऱ्यात शर्यत सुरू करायचा रुमाल उंचावलेला, पायाशी श्वापदांच्या झुंजी, आणि वर सगळ्या पदव्यांसकट नाव. स्टीलच्या डब्यावर ‘अमुक यांजकडून सप्रेम भेट’ कोरतात ना, तसलाच प्रकार. पाटी उलटली की आत मेण भरून त्यावर लिहायला उथळ खळगा असे. पण त्यावर हिशेब लिहायची छाती कुणाची होणार! ही हौस आधीच इतकी बोकाळली होती, की ३८४ मध्ये कायदा करावा लागला: कॉन्सलखेरीज कुणीही हस्तिदंती पाट्या वाटायच्या नाहीत.

हस्तिदंताने कामंही होत. ४३१ च्या एफेससच्या धर्मसभेनंतर अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने दरबारातल्या वजनदार मंडळींकडे सोनं, गालिचे नि हस्तिदंती खुर्च्या धाडल्या. कुणाला काय, याची यादी आजही वाचता येते. सोबतच्या पत्रात या सगळ्याला ‘आशीर्वाद’ म्हटलंय. लाच म्हणायला जीभ रेटत नसली की धर्म मदतीला येतोच.

माझी आवडती मात्र लूव्र संग्रहालयातली बार्बेरिनी पाटी. मधे घोड्यावरचा विजयी सम्राट. खालच्या पट्टीत नजराणा घेऊन वाकलेले परके लोक, सोबत हत्ती, वाघ, आणि एकाच्या हातात चक्क हस्तिदंत. म्हणजे हस्तिदंतावर हस्तिदंताचाच नजराणा! पुढे ती फ्रँकांच्या मुलखात, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीकडे, पोचली. तिथे कुणीतरी मागच्या बाजूला शाईने नावांची यादी लिहिली, राजांचीसुद्धा. १६२५ मध्ये पेरेस्क नावाच्या विद्वानाने ती पोपचा वकील म्हणून आलेल्या कार्डिनल बार्बेरिनीला भेट दिली. आलेला आहेर पुढे ढकलायची कला जुनीच. गंमत म्हणजे पाटीला नाव चिकटलं ते या घेणाऱ्याचं. घोड्यावर बसलाय तो अनास्तासियस की जस्टिनियन, यावर पंडित अजून भांडताहेत.