जेरी रेमी गेले त्यानंतरचा सोमवार

१ नोव्हेंबर २०२१ हा सोमवार होता. सकाळी आठच्या गटातले सहाही रुग्ण वेळेआधी येऊन बसले होते आणि कोणीही बोलत नव्हते. एरवी आमच्या खोलीत ही वेळ गजबजाटाची असते. कोणी थंडीबद्दल तक्रार करतो, कोणी गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून वैतागलेला असतो, कोणी नातवाचे फोटो दाखवत फिरतो. त्या दिवशी मात्र कोविडच्या नियमाप्रमाणे सहा-सहा फुटांवर मांडलेल्या खुर्च्यांवर सगळे मास्क लावून खाली मान घालून बसले होते. मी पहिल्याच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला, तेव्हा त्याने वर न बघताच विचारले, "ऐकलंस ना?"

मी ऐकले होते. बोस्टनच्या बेसबॉल संघाचे जुने खेळाडू आणि समालोचक जेरी रेमी शनिवारी रात्री वारले होते आणि रविवारी ती बातमी साऱ्या न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या राज्यांत, पोहोचली होती.

मी मूळची मिरजेची. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दक्षिण भागातील एका रुग्णालयात मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणून काम करते. एम्फिसिमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होणे), फायब्रोसिस (फुप्फुसे कडक होणे), किंवा कर्करोगामुळे फुप्फुसाचा काढून टाकलेला भाग, अशा कारणांनी ज्यांना एक जिना चढणेही अवघड होऊन बसले आहे, असे लोक आमच्याकडे साधारण बारा आठवडे व्यायामासाठी येतात. ट्रेडमिलवर किती वेगाने चालायचे, नाकातल्या नळीतून मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडायचा, धाप लागली की शीळ घालताना करतो तसे ओठ करून श्वास हळूहळू कसा सोडायचा, हे शिकवणे आणि त्यांच्या शेजारी उभे राहून आकडे लिहीत राहणे हे माझे काम आहे. या कामात रुग्णाशी तासन्‌तास बोलणे होते, आणि आमच्या भागात एप्रिल ते ऑक्टोबर बोलण्याचा विषय एकच असतो, तो म्हणजे बोस्टनचा बेसबॉल संघ रेड सॉक्स. त्यामुळे खेळाचे काही विशेष ज्ञान नसतानाही जेरी रेमी कोण आहेत हे मला इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यातच कळले होते.

रेमी याच भागातले. फॉल रिव्हर या जुन्या कापडगिरण्यांच्या गावात ८ नोव्हेंबर १९५२ रोजी त्यांचा जन्म झाला आणि नदीपलीकडच्या सॉमरसेटमध्ये ते वाढले. पुढच्याच सोमवारी त्यांना एकोणसत्तरावे वर्ष पूर्ण झाले असते. अंगकाठीने लहान, डावखुरे फलंदाज आणि पायाने चपळ अशा या खेळाडूने १९७५ ते १९७७ कॅलिफोर्निया एंजल्सकडून आणि १९७८ ते १९८४ रेड सॉक्सकडून सेकंड बेसची जागा सांभाळली; फलंदाज धावत ज्या टप्प्यांना वळसा घालून परत येतो, त्यांतला हा दुसरा. साऱ्या कारकिर्दीत त्यांच्या नावावर होम रन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे फटके, फक्त सात लागले, पण त्यांनी २०८ बेस चोरले, म्हणजे फटका लागण्याची वाट न बघता धावून पुढचा बेस गाठला. गुडघ्याच्या दुखापतींनी खेळ संपवला, आणि १९८८ पासून ते न्यू इंग्लंड स्पोर्ट्स नेटवर्कवर रेड सॉक्सच्या सामन्यांचे समालोचन करू लागले. ते त्यांनी २०२१ च्या ऑगस्टपर्यंत केले.

वर्षाला १६२ सामने होतात, आणि त्यांतले बहुतेक संध्याकाळी सातनंतर सुरू होतात. म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज रात्री तीन तास तोच आवाज घरात असतो. जो माणूस धापेमुळे घराबाहेर पडत नाही, ज्याची मुले दुसऱ्या राज्यात आहेत आणि जोडीदार गेला आहे, त्याच्यासाठी हा हिशेब काय होतो, हे मी आमच्या रुग्णांकडून शिकले. माझे वडील मिरजेत रेडिओला कान लावून बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकत, आणि पंडित स्वतः रणजी सामने खेळलेले आहेत हे दरवेळी आम्हाला नव्याने सांगत. स्वतः खेळलेल्या माणसाच्या बोलण्यावर ऐकणाऱ्याचा जो विश्वास बसतो, तो मी लहानपणी घरातच पाहिला होता. इथे तो आणखी घट्ट होता, कारण रेमी बोलत ते या गावांच्या उच्चारात, शेजारच्या अंगणातून बोलावे तसे.

त्या सकाळी पहिल्यांदा मोकळे झाले ते आमच्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ. ते ऐंशीला आलेले होते आणि त्यांनी आयुष्यभर फॉल रिव्हरच्या गिरणीत काम केले होते. सायकलवर बसायची पाळी आली, तेव्हा ते म्हणाले, "आधी तुला एक दाखवतो. तुला १९७८ माहीत नाही." आमच्या खोलीबाहेर तीस मीटरचा एक सरळ पट्टा आखलेला आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू ठेवलेला असतो. सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो, हे मोजण्यासाठी तो पट्टा वापरतात. त्यांनी त्यातला एक शंकू मला उचलून आणायला लावला, तो फर्स्ट बेस म्हणून ठेवला, एक खुर्ची सेकंड बेस केली आणि स्वतः ऑक्सिजनच्या नळीची लांबी पुरेल तितके पुढे होऊन उजव्या मैदानात उभे राहिले.

२ ऑक्टोबर १९७८, तोही सोमवारच. रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यांकीज यांचे १६२ सामन्यांअखेर सारखेच ९९ विजय झाले होते, म्हणून बोस्टनच्या फेनवे पार्क या मैदानावर एक निर्णायक सामना ठेवला गेला. जुलैमध्ये बोस्टन यांकीजच्या चौदा सामने पुढे होता, ती सगळी आघाडी तोपर्यंत विरघळून गेली होती. शेवटच्या, नवव्या डावात बोस्टन ४-५ असा मागे होता, एक गडी बाद होता, फर्स्ट बेसवर रिक बर्लसन होते आणि फलंदाजीला रेमी आले. त्यांनी उजवीकडे जोरदार फटका मारला. दुपार कललेली, सूर्य खाली आलेला, आणि त्या बाजूचे क्षेत्ररक्षक लू पिनिएला यांचे डोळे दिपून त्यांना चेंडूच दिसेना. "आणि तरी तो असा उभा राहिला," असे म्हणून आमच्या आजोबांनी दोन्ही हात पसरले, जणू चेंडू नजरेतच आहे असा आव आणला, आणि शेवटच्या क्षणी डावा हात बाजूला फेकला. चेंडू टप्पा पडून पिनिएलांच्या हातमोज्यात गेला. तो मागे निसटला असता तर बर्लसन बरोबरीची धाव घेऊन आले असते आणि कदाचित रेमीही सगळे बेस फिरून परत आले असते. बर्लसन सेकंड बेसवरच थांबले. पुढचे दोघे झेल देऊन बाद झाले आणि सामना ५-४ असा गेला. "एवढं," असे म्हणून त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांत दोन बोटांचे अंतर दाखवले. "एवढ्यासाठी त्या विजयाला जेरीचं नाव लागलं नाही."

हे सांगताना त्यांचा ऑक्सिजन ८७ टक्क्यांपर्यंत खाली आला. मी त्यांना बसवले आणि ओठ चंबूसारखे करून श्वास सोडायला लावला. दोन मिनिटांत आकडा ९२ वर आला. मी रागावायला हवे होते, पण मला ते जमले नाही.

मग एकेकाचे सुरू झाले. बस चालवून निवृत्त झालेल्या, पोर्तुगीज घरातल्या एका गृहस्थांनी २००७ च्या एप्रिलमधली पिझ्झाची गोष्ट काढली. एक चेंडू प्रेक्षकांत गेला, झेलण्याच्या धडपडीत गोंधळ झाला आणि कोणीतरी पिझ्झाचा तुकडा शेजाऱ्याच्या अंगावर फेकून मारला. रेमी आणि त्यांचे सहकारी डॉन ऑर्सिलो यांनी ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवायला लावले. रेमींनी एखाद्या फटक्याचे करावे तसे त्या तुकड्याच्या प्रवासाचे विश्लेषण केले, आणि दोघांना हसू आवरेना. ती दोन-तीन वाक्ये ते गृहस्थ पाठ म्हणून दाखवत होते आणि त्यांच्या खोकल्यातूनही हसू फुटत होते. दुसऱ्या एकाने सांगितले की २००८ मध्ये रेमींना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले, त्यानंतर नैराश्याने आपल्याला कसे घेरले, हे त्यांनी उघड सांगितले, आणि ते ऐकल्यावर हा रुग्ण स्वतः पहिल्यांदा डॉक्टरांजवळ आपल्या मनाविषयी बोलला. तो कर्करोग त्यानंतर अनेकदा परत आला. दरवेळी रेमी उपचार घेऊन समालोचनाच्या खुर्चीत परत येत, आणि सिगारेटने आपले काय केले ते न लपवता सांगत. आमच्या खोलीतल्या सहांपैकी पाच जणांनी आयुष्यातली तीस-चाळीस वर्षे सिगारेट ओढली होती. डॉक्टरने सांगितलेले आणि जेरीने सांगितलेले यांत त्यांच्या लेखी फार फरक होता.

या सगळ्यात कोपऱ्यातल्या बाई गप्प होत्या. त्या सत्तरीच्या, एम्फिसिमाच्या रुग्ण. सप्टेंबरच्या सुरुवातीला आल्या तेव्हापासून त्या मला काळजीत टाकत होत्या. व्यायाम मन लावून करायच्या, पण ऑक्सिजन फक्त घरात आणि आमच्या खोलीत घ्यायच्या. सोबत न्यायचा छोटा सिलिंडर त्या गाडीत ठेवून येत, आणि गाडीपासून आमच्या दारापर्यंत चालत आल्या की त्यांचा आकडा ८२-८३ झालेला असे. चर्चला, दुकानात, भाचीच्या लग्नातही त्या नळीशिवाय जात. मी त्यांना रक्तातल्या ऑक्सिजनचे, हृदयावर पडणाऱ्या ताणाचे सगळे समजावून सांगितले होते. त्यांनी मान डोलावली होती. शेवटी मी त्यांच्या नोंदीत लिहिले होते, "बाहेर ऑक्सिजन वापरण्यास नकार. सूचना पाळत नाहीत."

आणि मग ६ ऑक्टोबरच्या बुधवारी त्या सिलिंडर खांद्याला अडकवून, नाकात नळी लावून बाहेरून चालत आल्या. मी काही विचारले नाही. विचारले तर पुन्हा बंद करतील, अशी मला भीती वाटली. त्या दिवसापासून त्या तशाच येत होत्या. नळी कानामागून निसटू नये म्हणून त्यांनी हनुवटीखाली, जिथे दोन्ही नळ्या एकत्र येतात तिथे, लाल लोकरीचा एक धागा बांधला होता. तो मी रोज पाहत होते.

१ नोव्हेंबरला त्यांची सहा मिनिटांची चाचणी पुन्हा घ्यायची होती. मी त्यांचा रक्तदाब घेत असताना त्या हळूच म्हणाल्या, "त्या मंगळवारी तू सामना पाहिला होतास का?"

त्या विचारत होत्या ५ ऑक्टोबरविषयी. त्या रात्री पुन्हा बोस्टन आणि यांकीज यांचा एकाच सामन्याचा फैसला फेनवे पार्कवर होता, आणि सामन्याआधी मानाचा पहिला चेंडू टाकायला रेमींना बोलावले होते. त्यांना एका छोट्या गाडीतून मैदानात आणले. ते बारीक झाले होते. त्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. सारे मैदान उभे राहून त्यांच्या नावाने ओरडत होते. त्यांनी थोड्या अंतरावरून त्यांचे जुने सहखेळाडू आणि समालोचनातले सोबती डेनिस एकर्सली यांच्याकडे चेंडू टाकला आणि दोघांनी मिठी मारली. बोस्टनने तो सामना ६-२ जिंकला.

"मी आणि माझे यजमान चोवीस वर्षं जेरीला रोज ऐकत होतो," त्या म्हणाल्या. "ते गेल्यावर मी एकटी ऐकत होते. त्या दिवशी तो गाडीतून उतरला आणि मी आधी नळीच पाहिली. माझ्याकडे आहे तसलीच. इतक्या लोकांसमोर तो ती काढून येऊ शकला असता ना? दोन मिनिटांचं काम होतं." थोडे थांबून, श्वास घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "त्याने काढली नाही. मग मी म्हटलं, दुकानात जायला मला काय झालंय."

मला वैद्यकीय उत्तर माहीत होते. त्या अवस्थेतल्या माणसाला दोन मिनिटेही नळी काढून चालणे जमत नाही. ते मी सांगितले नाही. पाच आठवडे समजावूनही माझ्याकडून जे झाले नव्हते, ते त्यांच्या ओळखीच्या माणसाने एका संध्याकाळी, त्यांचे नावही माहीत नसताना केले होते, आणि त्या विश्वासात मी ढवळाढवळ करणे मला बरे वाटले नाही.

गिरणीतल्या आजोबांकडून मी शंकू परत घेतला आणि पट्ट्याच्या टोकाला ठेवला. या चाचणीचा नियम कडक आहे. रुग्णाला उगाच प्रोत्साहन द्यायचे नाही, दर मिनिटाला ठरलेले वाक्य तेवढे त्याच सुरात सांगायचे: छान चालला आहात, एवढी मिनिटे राहिली. बाकीचे पाचही जण दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना आवाज करू नका असे सांगितले, आणि त्यांनी खरोखरच एक शब्द काढला नाही. बाई मिनिटाला तीन लिटरवर निघाल्या. सिलिंडरच्या ढकलगाडीचे एक चाक कुरकुरत होते, तेवढाच आवाज. दुसऱ्या फेरीत शंकूला वळसा घालताना त्यांचा श्वास वाढला. त्यांनी ओठ गोल केले आणि वेग न सोडता हळूहळू श्वास सोडला. चौथ्या मिनिटाला आकडा ८९ होता. सहाव्या मिनिटाला मी थांबा म्हटले, तेव्हा त्या पट्ट्याच्या टोकाच्या थोड्या अलीकडे होत्या आणि दारातून पाच जणांच्या टाळ्या सुरू झाल्या.

२६२ मीटर. सप्टेंबरमध्ये त्या २१४ मीटर चालल्या होत्या. तीस मीटरची वाढही आम्ही महत्त्वाची मानतो.

त्या खुर्चीत बसल्या आणि लाल धागा पुन्हा हनुवटीखाली सरकवून घट्ट केला. बसवाले गृहस्थ त्यांच्या शेजारी येऊन फोनवर त्या ५ ऑक्टोबरचे दृश्य लावू लागले आणि बाकीचे पुढे झुकले. सहा फुटांच्या नियमाची आठवण मी त्यांना करून द्यायला हवी होती. मी ते दृश्य संपेपर्यंत थांबले.

दुपारी नोंदी लिहायला बसले, तेव्हा बाईंच्या कागदावर सप्टेंबरमधले माझे वाक्य वर दिसत होते. ते खोडता येत नाही, तसा नियम आहे. त्याखाली त्या दिवसाची तारीख घालून मी अंतर लिहिले, ऑक्सिजनचे आकडे लिहिले आणि शेवटी लिहिले, "६ ऑक्टोबरपासून घराबाहेर सर्वत्र ऑक्सिजन वापरतात. स्वतःहून."