तुम्ही विचारलंत म्हणून: सुतकात गोष्ट कशाला?

कुणी गेल्यावर त्या घरी भेटायला जाताना मी पिशवीत एखादी कविता, नाहीतर गोष्ट घेऊन जाते. ‘आधीच घर रडतंय, त्यात हे कशाला?’ असं मला खूप जण विचारतात.

बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. जो तो विचारायचा, ‘कसं झालं हो?’ मी सांगायला लागले की दोन वाक्यांतच ‘सुटले बिचारे’ यायचं, नाहीतर त्यांच्या काकांचं आजारपण सुरू व्हायचं. माया सगळ्यांनाच होती. तिसऱ्या दिवशी खण आवरताना बाबांचं कानाचं मशीन हाताला लागलं. बंद करायचं राहून गेलं होतं. मुठीत धरलं, तर बारीक शिट्टी वाजायला लागली. हे कुणाला सांगायचं?

त्या रात्री रशियन लेखक चेखवची १८८६ सालची गोष्ट पुन्हा वाचली. पीटर्सबर्गमध्ये बर्फ पडतंय. योना भाड्याची घोडागाडी हाकतोय. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात गेलाय. गाडीतला लष्करी अधिकारी ‘कशाने गेला?’ विचारतो आणि थोड्या वेळाने डोळे मिटून घेतो. योनाला सगळं सांगायचंय: मुलगा आजारी कसा पडला, मरताना काय बोलला, इस्पितळातून त्याचे कपडे आणायला आपण कसे गेलो.

आपल्या बहिणाबाईंच्या ओव्यांत कुंकू पुसलं जातं आणि त्याखाली लपलेली करमाची रेखा उघडी पडते. वैधव्य इतकं जवळून, कपाळाच्या कातडीवर दाखवलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ज्योतिष्याला त्या दारातूनच परत पाठवतात आणि बोलतात ते स्वतःशी: ‘रडू नको माझ्या जीवा’.

मूल गेलेल्या घरी मात्र गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ मी कधीच नेत नाही. बाळ नुसतं निजलंय म्हणणारी ती आई मलाच झेपत नाही.

बहुतेक वेळा योनाच नेते. शेवटी तो तबेल्यात घोडीला विचारतो, तुझं शिंगरू असतं आणि ते अचानक गेलं असतं तर? घोडी गवत चघळत ऐकते, त्याच्या हातांवर तिचा श्वास येत राहतो. गेल्या महिन्यात मी इथवर वाचलं, तेव्हा समोरच्या काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला.

‘मंगळवारी सकाळी ह्यांनी चहा अर्धाच घेतला,’ त्या म्हणाल्या. मी कागद मिटला.